जर्नलं फेकणारे सर

रत्नागिरीत वाऱ्याने जितके नारळ पडले नसतील, तितकी जर्नलं आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी खिडकीबाहेर फेकली. ऐंशीच्या दशकात आमच्या कॉलेजात जर्नल करायची रीत ठरलेली होती. वरच्या वर्गातल्या मुलीचं जर्नल मागून आणायचं, काचेखाली दिवा ठेवायचा आणि आकृत्या गिरवायच्या. वर्षानुवर्षं एकच जास्वंद सगळ्यांच्या वहीत फुलत असे आणि ती पाहून सरांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. माझं सुबक जर्नल फेकून त्यांनी मला आवारातल्या आंब्याखाली बसवलं आणि एक पान हातात दिलं. तासाभराने आकृती बघून म्हणाले, "या पानाला किडीने भोक पाडलंय. तुझ्या चित्रात ते बुजवलंस कशाला गो? झाड काय पुस्तक वाचून पानं काढतं?" काय काढायचं ते कधीच सांगत नसत, "बघ" एवढंच म्हणत. कोणी स्वतःचा प्रश्न विचारला, मग तो कितीही खुळा असो, की हाच तापट माणूस खूश होऊन अख्ख्या वर्गाला कॅन्टीनमध्ये चहा पाजायचा.

त्यांच्या नादाने आम्ही प्रॅक्टिकलच्या परीक्षेतही समोरच्या बशीत दिसलं तेच काढलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पुस्तकाशी ताडून पाहिलं आणि लाल रेघा ओढल्या. निम्मा वर्ग आपटला, त्यात मीही. त्या परीक्षकांचा मला आजही संताप येतो. बशीतल्या फुलाकडे त्यांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. पण त्याहून जास्त येतो तो माझाच. सर अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवत नाहीत, असा अर्ज मुलांनी प्राचार्यांना दिला, तो मी लिहिला होता. अक्षर चांगलं म्हणून माझ्या गळ्यात पडला, असं मी तेव्हा सांगत सुटले. खरं म्हणजे मला पास व्हायचं होतं. प्राचार्यांनी सरांकडून प्रॅक्टिकलं काढून घेतली आणि पुढच्या खेपेला आम्ही सगळे गिरवून पास झालो.

पुढे मी सावर्ड्याला शाळेत शिकवायला लागले. एकदा लांज्याच्या स्टँडवर सर भेटले. अर्ज कोणी लिहिला ते त्यांना ठाऊक असणारच. तीन वर्षं माझं अक्षर त्यांनीच तपासलं होतं. मी चाचरत विषय काढला. त्यांनी तो बाजूला सारला. म्हणाले, "तुझी मुलं काय काय विचारतात, ते सांग." गाडी येईपर्यंत ते ऐकत राहिले, मनापासून हसत राहिले. ऊठसूट सगळ्या जगावर चिडणाऱ्या त्या माणसाने माझ्यासाठी थोडासाही राग ठेवला नव्हता. ठेवला असता तर मला बरं वाटलं असतं.