राग ज्याचा, बैठक त्याच्या अंगणात

अनसूयाकाकू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी संघाच्या नव्या ऑफिसात कूलरसमोर बसलो होतो. महिना उलटून गेला, तरी तो गार वारा आठवला की आपोआप मान खाली जाते. आदिलाबादकडच्या इचोड्याच्या आसपासच्या भाजी पिकवणाऱ्यांचा हा संघ काकूंनी उभा केला. मी त्यांचा सेक्रेटरी, आणि त्या थकल्यावर अध्यक्ष झालो.

काकूंची एक रीत होती. ज्याला राग आला असेल, त्याच्या अंगणात मंगळवारची बैठक. संघ चार-पाच गावांचा होता, तेव्हा एकदा माझे टमाटे टेम्पोत सगळ्यात खाली रचले गेले आणि बाजारात पोचेपर्यंत त्यांची चटणी झाली. मी घरी येऊन जाहीर करून टाकलं, संघ गेला खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, सकाळीच काकू सगळ्यांना घेऊन दारात हजर. येताना दूध-साखर बरोबर आणलेली, कारण राग नवऱ्याचा असला तरी चहाचा ताप बायकोला होतो, हे त्यांना ठाऊक. सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज आमी आयकाले आलो. तू बोल. कोनी मधात बोलनार नाई." मी घसा फोडून बोललो. चहा येईपर्यंत माझाच राग मला पोरकट वाटायला लागला. पण नुसती समजूत काढून त्या गेल्या नाहीत. टेम्पो भरायची पद्धत तिथंच, सगळ्यांसमोर बदलून घेतली.

अशी अंगणं फिरत फिरत संघ वाढला. भैंसाकडची गावंही येऊन मिळाली. मग जिल्ह्यांची फोड झाली, ती गावं दुसऱ्या जिल्ह्यात गेली आणि आम्हाला सरकारी कचेऱ्या दोन झाल्या. दोन्हीकडे खेटे कोणी घालायचे? आम्ही ऑफिसात बसून त्या गावांना वेगळं करून टाकलं आणि त्यांना फोनवर कळवलं. काकूंना तर तेवढंही कळवलं नाही. त्यांच्या कानावर ते बाजारात आलं.

त्यांनी मला बाजारातच गाठलं. आवाज चढवला नाही. "त्याईच्या अंगनात काऊन नाई गेले तुमी?"

मी म्हटलं, "काकू, आता संघ मोठा झाला. किती जनाच्या दारी जावं?"

"मले राग आला हाय, दिगंबर," एवढंच बोलून त्या निघून गेल्या.

याचा अर्थ मला कळला नाही, असं नाही. जायला हवं होतं. मी काय केलं, तर त्यांनाच ऑफिसात आणायला जीप पाठवली. जीप वांग्यांचं कॅरेट घेऊन परत आली, काकू आल्या नाहीत. आमच्याकडे ज्याच्यावर राग असतो, त्याच्याकडे कोणी भाजीची काडीही धाडत नाही. म्हणून आम्ही हसून म्हटलं, निवळल्या काकू. वांगी वाटून घेतली. मी घरी भरीत करायला लावलं आणि चवीनं खाल्लं. त्याच दिवसांत आदिलाबादला एक शिबिर झालं, वाढत्या संस्थांचं नेतृत्व कसं करावं यावर. तिथं माईक हातात घेऊन मी काकूंची रीत सांगितली. "आमच्याकडे असं करतात," म्हणालो. 'करायचे' म्हणायला काही माझी जीभ वळली नाही. टाळ्याही भरपूर पडल्या.

काकू गेल्यावर आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. भैंसाकडचेही आले होते, ते आमच्याशी फारसं बोलले नाहीत. अंगण स्वच्छ सारवलेलं होतं. त्यांची सून सुनीता चहा घेऊन आली, तेव्हा मी काहीतरी पुटपुटलो, की वांगी आली म्हणून आम्हाला वाटलं, राग गेला...

"गाडी रिकामी काऊन पाठवावी, म्हनल्या," सुनीता म्हणाली. "राग कुठी गेला होता? मंगळवार बैठकीचा, म्हनून दर मंगळवारी अंगन सारवून राह्यल्या होत्या. मी म्हनलं, आत्या, कोनी त येत नाई. त म्हने, मोठ्या मान्साच्या रागाले लोक भेतात. उशीर करतीन, पन येतीन."

मग सुनीतानं विचारलं. टोमणा म्हणून नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "भाऊ, मंग आता मंगळवारी सारवू का नको?"

'सारव' म्हणायला मला तोंड नव्हतं. 'नको' म्हणायला तर त्याहून नव्हतं.