प्रोफेसर निकोस आणि सासूबाईंची बरणी

समस्त वाचकवर्गास अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, नाही आणि यापुढेही राहणार नाही. घोषणा संपली. आता पाय वर घेऊन बसा... सांगतो.

आम्ही राहतो लव्हालला, मॉन्ट्रियलच्या उत्तरेला. २०१७ चा फेब्रुवारी. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून उपसून माझी कंबर माझी राहिली नव्हती. वैशाली, म्हणजे माझी बायको, आईचे दिवस करून नुकतीच सांगलीहून परतली होती. हिमवादळात फ्लाइट अडकली आणि शेवटची भेट हुकली. त्याहून वाईट म्हणजे शेवटचा फोन. आईंनी केला होता, आणि ही म्हणाली होती, "आई, मीटिंगमध्ये आहे गं, नंतर करते." ते 'नंतर' राहूनच गेलं. तेव्हापासून एकच पालुपद — "आई रागावून गेली रे माझ्यावर."

येताना तिने माहेरची एकच वस्तू आणली. लोणच्याची चिनी मातीची बरणी, तपकिरी गळ्याची, पांढऱ्या पोटाची. आणि एका सकाळी डिशवॉशर रिकामा करताना तिचाच कोपर लागला. खळ्ळ! वैशाली रडली नाही. नुसती बघत राहिली. मला त्याचीच भीती वाटली.

मी सगळे तुकडे ट्रेमध्ये भरले आणि शेजारी गेलो.

शेजारी कोण, तर प्रोफेसर निकोस. ग्रीक. बेटावरच्या कोळ्याचा मुलगा, शाळा चुकवून शेतात खापरं वेचायचा. त्या खापरांपायी पुरातत्त्वज्ञ झाला, मग मॉन्ट्रियलला प्राध्यापक. हिवाळाभर शिकवायचं, उन्हाळाभर आपल्या बेटावरच्या एका टेकडीवर खणायचं — अख्खी नोकरी अशी गेली. टेकडीखाली एका कुंभाराचं घर मिळालं होतं. भट्टी भरलेली, चुलीवर भांडं तसंच, आणि माणसं गायब. ती का गेली? या एका प्रश्नावर प्रोफेसरांनी आयुष्य लावलं. टेकडी गप्पच राहिली. बायको वारली, गुडघे गेले, खणणं थांबलं. उरली ती बेसमेंटमधली वाळूची परात. चिकटवलेला तुकडा वाळूत उभा रोवायचा, म्हणजे सुकेपर्यंत हलत नाही.

बरणी बघून म्हातारा असा खुलला, की जणू राजाची कबर सापडली.

"मॉन आमी, मित्रा, कोणत्या काळातली?"

"सासूबाईंच्या काळातली."

"उत्तम! घाई करायची नाही."

काही दिवसांनी बोलावणं आलं. "दोघं या. लगेच." आवाज करडा होता.

खाली टेबलावर बरणी उभी. अखंड! सांधे तेवढे दिसत होते. ते मुद्दाम दिसू द्यायचे असतात म्हणे. पण शेजारी आणखी एक तुकडा पडला होता.

"किती बरण्या फोडल्यात?" प्रोफेसरांनी उलटतपासणी सुरू केली.

"एकच हो!"

"खोटं! माझ्या टेबलावर आजवर तुकडा कमी पडलाय. नेहमी. जास्त कधीच झालेला नाही."

बरणीत कुठेही भोक नव्हतं. तरी तो तुकडा तसाच, तोच तपकिरी रंग, तीच गोलाई. प्रोफेसरांनी माझ्या हातात भिंग दिलं. बाकी तुकड्यांची कड ताजी, पांढरीशुभ्र. याची मळकट, धार बोथट, आणि खाचेत काळी माती.

"हा फार पूर्वी फुटलाय," ते म्हणाले. "आणि पुष्कळ वर्षं जमिनीत होता. ही माती इथली नाही."

वैशालीने तुकडा उचलला, उलटा केला. त्यावर लाल ऑइलपेंटचा ठिपका होता. तिने अंगठ्याने तो घासून बघितला.

"ही गोड लोणच्याची बरणी," ती पुटपुटली. "दोन होत्या. आम्हा पोरांना कळावं म्हणून आई गोडाच्या बरणीला ठिपका लावायची. मी फोडली होती, दुसरीत असताना. बाबा मारतील म्हणून आईने परसात खड्डा करून सगळे तुकडे पुरले. बाबांना म्हणाली, माझ्याच हातून फुटली... मला एका शब्दाने बोलली नाही रे. उलट हसली. म्हणाली, वेडे, बरणीपेक्षा तू मोठी आहेस."

आणि मग ती रडली. इतक्या दिवसांचं एकदम. मी पाठीवर हात ठेवून उभा. त्यानंतर 'आई रागावून गेली' हे वाक्य मी आमच्या घरात ऐकलेलं नाही.

आता तुम्ही विचाराल, तुकडा आला कुठून? मीही डोकं फोडून घेतलंय. बरणी वैशालीने सांगलीत स्वतः धुऊन पुसून बांधली होती. एअरपोर्टवर ऑफिसरने आत टॉर्च मारून बघितली. मेव्हण्याला फोन केला, तर परसात कधीचं काँक्रीट झालंय, वर त्याची गाडी उभी असते. आमच्या अंगणात म्हणाल, तर तिथे फेब्रुवारीत कुदळसुद्धा शिरत नाही. शास्त्राला मानणारा माणूस मी... स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही.

त्या दिवशी बेसमेंटमध्ये वैशालीचं सगळं बोलणं मी प्रोफेसरांना इंग्रजीत सांगितलं. प्रोफेसर एकदा तुकड्याकडे, एकदा वैशालीकडे बघत होते. मग एकाएकी त्यांनी दोन्ही हात छताकडे उडवले आणि ओरडले,

"अख्खं आयुष्य मेलेल्या माणसांना प्रश्न मी विचारले... आणि उत्तर हिला?"