समुद्राकाठी न वाळलेल्या कुरोड्या

मालवणला कुरोड्या वाळत नाहीत. आज दुपारी माझ्या धाकट्या बहिणीनेच व्हिडिओ कॉलवर बुरशी दाखवून ते मान्य केलं.

ती तिकडे नांदायला गेल्यापासून मी जळते. रिअ‍ॅलिटी शोमध्ये समुद्राकाठची माणसं दिवसभर वाळूत लोळतात. आम्ही अकोल्यात कूलरसमोर.

"रोज समुद्रावर जात असशील!" मी म्हटलं.

"कायचा समुद्र वो ताई! होमस्टेच्या चादरी धुऊन राहिली मी. सासूबाईले मोठ्या तोंडानं सांगतलं होतं, वऱ्हाडच्या कुरोड्या खाऊ घालीन म्हणून. आता नाक कापलं. तुमचं ऊन लय भारी!"

आमच्या उन्हावरही कोणी जळतं तर!

रविवारी ती सोऱ्या घेऊन माझ्या गच्चीवर येतेय. कुरोड्या वाळेपर्यंत चादरी धुवायला मी मालवणला जाऊ का? सांगा.