गोधडी पिळायला दोघी लागतात

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. घरात नाही, माहेरी नाही. लिहायला बसले तरी आधी उठून दार लोटून आले. चौथी शिकलेली बाई मी, अक्षर हळू उमटतं. आणि हे तर — आणखीच हळू उमटेल.

आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नाल्यावर नेऊन धुतात. प्रत्येकीचा दगड ठरलेला असतो. माझा आणि चंद्रकलाचा शेजारी-शेजारी, खालच्या अंगाला, पळसाखाली. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात सुना होऊन या गावात आलो. ती बौद्धवाड्यातली, मी वरच्या आळीतली. तिच्या घरी चहा प्यायला मला काही वर्षं लागली; नाल्यावर मात्र पहिल्यापासून साबण एकच. ओली गोधडी एकटीला पिळवत नाही. दोन टोकांना दोघी लागतात. ती मुद्दाम इतका जोर लावायची की मी पाण्यात बसायचे. "चवथी पास झाली, पण पिळता नाही येत तुले!" — साऱ्या बाया हसायच्या. मीही.

तो हात आठवतो. ओल्या गोधडीतून माझ्यापर्यंत पोचणारी तिची ती ओढ.

मग गावात शेतकऱ्यांची कंपनी झाली, कपाशीचं बियाणं तयार करणारी. माल घेणाऱ्यांची अट होती — संचालकांत एक बाई पाहिजे. आधी चंद्रकलाचं नाव निघालं, कारण ग्रामसभेत ती उभी राहून बोलते. मग ते मागे पडलं आणि माझं पुढे आलं. का आलं, ते मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. मी बोलत नाही म्हणून. तरी मी नवी साडी नेसून गेले. खुर्ची, काचेच्या गिलासातलं पाणी, कुणी "मॅडम" म्हणणं — आवडलं मला. खोटं कशाला बोलू?

बियाण्यासाठी सरकीवरची लव तेजाबाने, म्हणजे ॲसिडने, जाळतात, मग सरकी धुतात. ते पाणी टाक्यात साठवून, तेजाब मरायला चुना टाकून मगच सोडायचं असतं. चुना कधी पडायचा, कधी नाही. कंपनीचा पाइप नाल्यात उतरला होता, आमच्या पळसाच्या थोडा वर. मी तो पाहिला होता.

त्या वर्षी चंद्रकलाने तिच्या आईच्या लुगड्यांची गोधडी धुतली. पाण्यात असेपर्यंत धड होती. वाळल्यावर घडी घालायला गेली, तर हातात पापडासारखी तुटली. ते तुकडे पदरात घेऊन ती माझ्या दारात आली. रडली नाही. म्हणाली, "सुमे, तू खुर्चीवर बसते न आता? सांग त्याइले." मी म्हटलं, सांगते.

पुढच्या बैठकीत कंपनीचा कारभार पाहणाऱ्या साहेबांनी वर्षाचा अहवाल वाचला. त्यात पर्यावरणाचं पान होतं — गावाचं पाणी स्वच्छ आहे, बाया आजही नाल्यावर धुतात. साहेब माझ्याकडे वळले. "ताई, धुतात ना? बाईमाणसाने सांगितलं की बाहेरच्यांना पटतं."

सगळे थांबले होते. माझ्यासाठी. एवढ्या पुरुषांना माझ्यासाठी थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या वेळात किती बोलता आलं असतं! मी म्हटलं, "हो जी, धुतात."

एवढंच असतं, तर कदाचित भीती म्हणून सोडून दिलं असतं. पण ते एवढंच नाही.

साहेबांना फोटो हवा होता, महिला संचालकाचा, नाल्यावर. कुठे काढायचा ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. जागा मीच दाखवली — पाइपाच्या वर, जिथे तळ दिसतो. कुणी सांगितलं नव्हतं. घरून मीच गोधडी नेली, कुणाच्यातरी दगडावर बसले आणि हसले.

तो फोटो मोठा करून कंपनीच्या भिंतीवर लावला. चंद्रकला बियाणं घ्यायला आली तेव्हा मी तिथेच होते. ती फोटोसमोर उभी राहिली. माझा चेहरा तिने पाहिला की नाही, ठाऊक नाही. दगड पाहिला. नाल्यावरच्या बाईला दगड ओळखू येतो.

"दगड बदलला का वं?" एवढंच म्हणाली. बियाणं न घेताच गेली.

त्यानंतर ती समोरून आली की वाट देते. जशी साहेबांना देते, तशी. मला मागे टाकून पुढे जात नाही, चिमटा काढत नाही, चौथी पास म्हणत नाही.

पाइप अजून तिथेच आहे. मी अजून संचालक आहे.

यंदा गोधड्या घरच्या नळाखाली धुतल्या. एक टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसरं हातात धरून पिळत राहिले. कडी जागची हलली नाही. गोधडी तशीच दोरीवर टाकली. दुसऱ्या दिवशीही तिच्यातून पाणी गळत होतं.