मोठी आई आणि पसंतीचा कोंबडा

मोठी आई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी पायांकडे. कोंबड्या निवडता निवडता तिला ही सवय लागली होती. ती माझी थोरली काकू. मांजर्लीतलं घर आमचं एकत्र, पण मागच्या अंगणातलं खुराडं तिच्या एकटीचं. माझी मैत्रीण पहिल्यांदा घरी आली तेव्हा मोठी आई तिच्या पायांवर नजर ठेवून म्हणाली, "चांगली हाय. टाच मजबूत हाय." मैत्रीण अजून विचारते, म्हणजे काय? मी अजून सांगितलेलं नाही.

कोंबडी घेण्याआधी ती वर उडवून बघायची. पावसाळ्यात आमच्या अंगणात नदीचं पाणी येतं, त्यामुळे आपली आपण भिंतीवर चढेल तीच कोंबडी घ्यायची, असा तिचा नियम. अंबरनाथ पश्चिमेच्या बाजारात तिने एकदा जाडजूड गिरिराज जातीची कोंबडी हवेत सोडली. ती पोत्यासारखी खाली आली.

"मावशी, कोंबडी हाय ती, विमान नाय!" विकणारा ओरडला.

"मग गावठी दाखव."

मी जरा लांब उभी राहून, ओळख नसल्यासारखी, कोथिंबिरीच्या जुड्या न्याहाळत होते.

असल्या सुधारित जातींवर तिचा आणखी एक राग होता. "अंडी घालतात नि निघून जातात. उबवायला बसायचं कोणी? मी?"

शेजारच्या नव्या इमारतीत उल्हासनगर कॅम्प चारमधले एक कापडव्यापारी अंकल राहायला आले आणि पंचाईत झाली. आमचा कोंबडा नेमका त्यांच्या बाल्कनीखाली आरवायचा. अंकल कुंपणाशी येऊन म्हणाले, "भाभी, कोंबडा हटवा. नाहीतर मी नगरपालिकेत कंप्लेंट करणार."

त्या संध्याकाळी मोठी आई खुराड्यापुढेच बसून राहिली. कोंबडा गेला की पिल्लं बंद. तिने लग्नापासून सांभाळलेला वंश तिच्याच हातून संपणार होता.

दुसऱ्या दिवशी तिने कुंपणावरून हाक मारली. "शेठ, हा माहेरी धाडते. कमी आवाजाचा आणू. पण तुम्हीच पसंत करायचा. मागाहून नावं ठेवायची नाय."

अंकल आम्हाला गाडीतून बाजारात घेऊन गेले. त्यांनी ना चोच पाहिली ना पाय. मानेची पिसं चिमटीत धरून चोळली, पंख उजेडाकडे फाकवला आणि विचारलं, "रंग जाएगा तो नहीं?"

"शेठ, धुवायचा नाय, पाळायचा हाय."

चोचीपासून नखांपर्यंत काळा कडकनाथ त्यांनी लगेच बाजूला सारला. "काळा माल उठत नाही, पडून राहतो." मग त्यांना तांबूस चमकदार, झुंजीच्या जातीचा असील दिसला, उंच, छाती काढून उभा. "भाभी, हा पीस बघा! काय चमक आहे!"

मोठ्या आईने असीलच्या छातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मी बोलू नये म्हणून माझा हात दाबला. मी तशीही बोलणार नव्हते.

पहाटे असील असा आरवला, की आधीचा कोंबडा नुसता खाकरत होता असं वाटलं. अंकल बनियनवर बाल्कनीत आले. खाली मोठी आई दाणे टाकत होती.

"काय शेठ, हळू बोलायला सांगू काय त्याला?"

अंकलनी बनियन खाली ओढून नीट केलं. "नाही नाही, भाभी. आवाजात वजन आहे. क्वालिटी आहे."

त्यानंतर त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते बाल्कनीतून असील दाखवायचे. "मेरी पसंद."

या हिवाळ्यात मोठी आई गेली. बारावं झाल्यावर सगळे पुढच्या खोलीत बसले होते. तिचा मुलगा, माझा दादा, म्हणाला, "कोंबड्यांना गिऱ्हाईक आहे. खुराडं काढलं की तिथे गाडी लागेल."

मागे एक गावठी कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

"कोंबड्या राहतील. मी बघेन."

त्या खोलीत माझा आवाज बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. माझे धाकटे काका म्हणाले, "बघशील गो. आणि उद्या तुझं लग्न झाल्यावर?"

"मग स्थळ बघताना अंगण आहे का ते विचारा," मी म्हटलं. "मी एकटी जाणार नाही."