श्री नसलेलं पोस्टकार्ड

…तर सरांना पंचाहत्तरीनिमित्त भेटायला सगळ्यांत आधी आली कोण, तर सरगूरची शारदा! अय्यो, दार मीच उघडलं. जी गेली म्हणून आमचे सर दर वर्षी जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात सगळ्यांना दोन मिनिटं उभं करतात, ती पायरीवर फणस घेऊन उभी! म्हणते, "अक्का, ओळखलं का?" मी म्हटलं, "ओळखलं गं, म्हणून तर दाराला धरून उभी आहे."

मागोमाग बाकीचे विद्यार्थी आले. एकाच्या हातातली कॉफी सांडली.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या पुस्तकात मोठमोठे लोक लिहिणार. मी शिंप्याच्या घरची, कन्नड दुसरी शिकलेली. पण सर आमच्या माडीवर राहायला आले तेव्हा कपड्यांची एक पेटी आणि रोपांचे ढीगभर डबे होते, हे मीच पाहिलंय. नर्सरीवाले वाटले मला! विद्यापीठात झाडांचा विषय शिकवतात, ते मागाहून कळलं. कोण विद्यार्थी पुढे काय झाला, हे ते एका जाड वहीत लिहितात. एक दिल्लीत साहेब झाला, एकाने तलकाडला हॉटेल काढलं. सर मुद्दाम तलकाडला जाऊन त्याच्या हातचा डोसा खाऊन आले, आणि साहेबाच्या शेजारीच त्याचं नाव लिहिलं.

त्याच वहीत शारदाच्या नावामागे 'कै.' लागलं, ते माझ्यामुळे.

शारदा कावीळ होऊन गावी गेली होती. सर सहलीला गेलेले, पोस्टमनने कार्ड माझ्याकडे दिलं. वर श्री नाही, खाली शारदाचं नाव, मधलं बारीक अक्षर मला लागेना. आमच्यात वाईट बातमीच्या पत्रावर श्री घालत नाहीत, आणि ते घरातही आणत नाहीत. मी नळापाशी फाडून टाकलं, डोक्यावरून आंघोळ केली. मेलेली मुलगी स्वतः कार्ड कसं लिहील, हे सुचलंच नाही बघा! सर परत आल्यावर मीच सांगितलं, शारदा गेली; सर दोन दिवस जेवले नाहीत.

आणि तिने काय लिहिलं होतं? "सर, तुम्ही मिळवून दिलेली कॉलेजची नोकरी सोडली. रानातल्या पाड्यांवरच्या मुलींसाठी वसतिगृह काढतेय. रागावला नसाल तर उत्तर द्या." उत्तर गेलं नाही. सर रागावले असं धरून ती इतकी वर्षं गप्प बसली. पेपरात सत्काराची बातमी वाचून धीर करून आली.

मी सगळ्यांपुढे कबूल केलं. मला वाटलं, आता सर माडी सोडणार.

मग म्हणाले, "अक्का, तुम्ही एकीलाच मारलंत. मी परीक्षेत किती मारले, विचारा यांना!"

सगळे हसले, शारदा रडली. सरांनी वही काढली, 'कै.' खोडलं आणि विचारलं, "हं, मुली किती शिकल्या? एकेकीचं नाव सांग."

असे आमचे सर. त्यांनी अजून पुष्कळ वर्षं माझा जिना काठी आपटत चढावा, वहीला पानं कमी पडावीत.

शारदा आणि बाकीची विद्यार्थी मंडळी सरांना भेटायला येत्या गुरुवारी परत येणार आहेत. शारदाने जाताना कॅलेंडरवर तसं लिहून ठेवलंय. आधी माझ्याकडे बघून वर मोठा श्री काढला, मग खाली लिहिलं: गुरुवार, सकाळची बस.