आईने गाळलेला प्रश्न

तुडीलहून मी निघालो त्या सकाळी सावित्रीच्या काठावर माझाच दहावा चालला होता. बाबांनी डोकं भादरलं होतं, पुढ्यात पिंड होता आणि भटजी माझ्या नावाने पाणी सोडायला सांगत होते. ट्रंक खांद्यावर घेऊन मी वरच्या पायवाटेने महाडच्या एसटीला चाललो होतो. कावळा काही शिवेना. शिवेल कसा, मेलेला माणूस वरून चालत होता! शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी जेवायला उठली. बाबांनी वर पाहिलं आणि मान फिरवली.

गुन्हा एवढाच, की मी ख्रिस्ती झालो होतो. महाडात शाळेसाठी ज्या मास्तरांकडे राहिलो ते ख्रिस्ती. त्यांनी मला प्रश्नोत्तरांची एक लहानशी पुस्तिका दिली होती. तुला कोणी निर्माण केलं, कशासाठी केलं, देव कुठे असतो, असलं सगळं. बाप्तिस्म्याआधी ती तोंडपाठ हवी. सुट्टीत घरी मी ती घोकायचो. आईला अक्षर येत नव्हतं, पण ऐकून ऐकून सगळे प्रश्न तिला पाठ झाले. तिला तो शाळेचा अभ्यास वाटे. भाकरी थापता थापता विचारायची, "सांग रे, तुला कोणी घडवला?" मी उत्तर दिलं की पुढचा प्रश्न. एकच प्रश्न ती गाळायची, मेलेले पुन्हा उठतील का? "ह्यो नको रे. दिवेलागणीला मरणाचं बोलायचं नाय." मी हसून पुढे जायचो. त्याचं उत्तर तिच्यापुढे कधी म्हटलंच नाही.

मुंबईत वर्कशॉपमध्ये फिटर झालो. गाववाल्यांनो, तुडीलचे चाकरमानी राहत त्या आपल्या गावकीच्या खोलीत मला घेतलं नाही. तुमच्यापैकीच एकजण दारात आडवा उभा राहून म्हणाला, "भुताला जागा नाय हाय." बाकीचे हसले. कोण ते मला आठवतं, तुम्हालाही आठवत असेल.

त्या दिवसांत मला त्या पुस्तिकेने धरून ठेवलं. नळावरच्या रांगेत, शिफ्ट सुटल्यावर, मनातल्या मनात आईच्या आवाजात प्रश्न विचारायचा आणि उत्तर द्यायचं. रविवारी चर्चमध्ये सगळे उभे राहून एका सुरात विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणत, तेव्हा आपण जिवंत माणसांच्या पंगतीत आहोत असं वाटायचं.

मग एकदा चुलतभाऊ बाळू वर्कशॉपच्या गेटवर आला. चहा पिता पिता, गंमत सांगावी तसं म्हणाला, "काकीला तुझ्या भुताने धरली होती रे."

मी गेल्यापासून आई दिसेल त्याला एकच विचारायची. गुराख्याला, कासाराला, बाबांना, आणि तेही दिवेलागणीला, "मेलेला उठतो काय?" बाबांनी पोलादपूरकडचा भगत आणला. त्याने मिरच्यांची धुरी दिली, वेताने मारलं आणि दरडावलं, नाव सांग. तिने माझं नाव सांगितलं. भूत बोललं म्हणून सगळे खूश झाले आणि धुरी वाढवली. त्यातच ती गेली.

"सुटली बिचारी," बाळू म्हणाला आणि बिस्कीट चहात बुडवलं.

बाबांचा मला राग आहे, आजही आहे. क्षमेचा प्रश्न पुस्तिकेत आहेच, त्याचं उत्तर मी पटकन उरकतो. प्रभूला ते ठाऊक असणार.

तुडीलला मी पुन्हा गेलो नाही. मेलेल्याने कुठल्या तोंडाने जायचं? घर म्हणाल तर भायखळ्याची ही खोली. दिवेलागणीला बायको भाकरी थापते आणि आमच्या मुलीला प्रश्न विचारते. तो एक प्रश्न आला की मुलगी गप्प बसते, कारण त्याचं उत्तर या घरात मीच देतो. मोठ्याने देतो, शेजारी भिंतीवर थापा मारतात तरी.

"होय गो आई, उठतो."